आमच्या भाडेपावतीला बँकेत किंमत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या अंकात परदेशी शिक्षणाच्या मेळाव्याची पानभर जाहिरात होती. दादरला, दोन दिवस, प्रवेश मोफत. विद्यापीठांच्या नावांखाली एक ओळ होती : ‘तारणाशिवाय कर्जाची सोय’. ती ओळ वाचली आणि हे पत्र लिहायला बसले. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मेळाव्यात आम्ही मायलेकी रांगेत उभ्या होतो. तारण नसलेल्यालाही कर्ज मिळतं, हे खरं आहे. पण ते किती टक्क्यांनी मिळतं, कुणाच्या सहीवर मिळतं आणि सही करणाऱ्याच्या घरात पुढे काय होतं, हे तिथे कुणी सांगत नाही. आम्हाला ते अनुभवाने कळलं. पत्र लांबलं तर माफ करा. जागेअभावी कापावं लागलं तर माझं घरचं कापा, आकडे ठेवा.

मी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे. नोकरीला एकतीस वर्षं झाली. राहते लालबागला, चाळीत, पागडीच्या खोलीत, म्हणजे एकरकमी पैसे मोजून घेतलेल्या, पण मालकी नसलेल्या भाड्याच्या खोलीत. यजमान ज्या छापखान्यात होते तो २०१९मध्ये बंद पडला. तेव्हापासून ते दोन दुकानांचे हिशेब लिहितात, पैसे रोख मिळतात. एकुलती एक मुलगी स्थापत्य अभियंता आहे. २०२४च्या सप्टेंबरात ती पाणीपुरवठ्याच्या अभियांत्रिकीतल्या एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात गेली. पदवी मिळाली, तिथेच कामाला लागली. येत्या एप्रिलपासून कर्जाचा पूर्ण हप्ता सुरू होतोय.

परदेशात जायलाच कशाला हवं, असं आमच्या नात्यातही बरेच जण म्हणाले. तिने आधी गेट परीक्षा दिली होती, पवईच्या आयआयटीचा प्रवेश थोडक्यात हुकला. पाण्याचाच विषय का, तर पहाटे पाचला नळ आला की घरातल्या सगळ्यांनी उठायचं आणि साडेसहाला तो गेला की दिवस सुरू, अशा घरात ती वाढली. त्यात मी दर पावसाळ्यात वॉर्डातून कावीळ आणि गॅस्ट्रोचे पेशंट बघून घरी यायचे आणि जेवताना तेच बोलायचे. जलवाहिनी आणि गटार शेजारी शेजारी असेल आणि नळाला दिवसातले काही तासच दाब असेल, तर उरलेल्या वेळात घाण पाणी आत कसं ओढलं जातं, हे तिने मला आमच्याच जिन्याखालच्या पाइपाकडे बोट दाखवून समजावलं होतं. तेव्हा ती डिप्लोमाला होती. या मुलीला अडवायचं नाही, हे मी त्या दिवशी ठरवलं.

आता खर्च. फी २३,५०० पौंड. २०२४च्या मे महिन्यात जागा राखायला ३,००० पौंड भरले, तेव्हा पौंड १०५ रुपयांच्या आसपास होता. व्हिसाची फी ४९० पौंड. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. व्हिसा अभ्यासक्रमापेक्षा चार महिने जास्त मिळतो म्हणून दीड वर्षाचे १,१६४ पौंड एकदम भरावे लागले. क्षयरोग नसल्याचा दाखला लागतो, तोही त्यांनी ठरवून दिलेल्या केंद्रातूनच. आमच्या रुग्णालयात रोज छातीचे एवढे एक्स-रे निघतात, पण त्यातला एकही चालत नाही. शिवाय लंडनबाहेर राहणाऱ्याने महिन्याला १,०२३ पौंड या हिशेबाने नऊ महिन्यांचे ९,२०७ पौंड हाताशी असल्याचं दाखवायचं. ती रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, नाहीतर बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र हवं. हे दर तेव्हाचे आहेत, २०२५च्या जानेवारीपासून त्यांनी ही महिन्याची रक्कमही वाढवली. राहणं-खाणं, तिकीट, गरम कपडे धरून सगळं मिळून एकोणचाळीस लाखांवर गेलं.

माझ्या भविष्य निर्वाह निधीतून सहा लाख काढले, आमच्या कर्मचारी पतसंस्थेचे दोन लाख घेतले आणि पाटल्या गहाण ठेवून एक लाख उभे केले. चार लाखांच्या आसपास मुलीने तिथे कमावले. आठवड्याला वीस तासच काम करायची परवानगी असते. तासाला ११.४४ पौंड हा तेव्हाचा तिथला किमान दर. वृद्धांच्या एका निवासाच्या स्वयंपाकघरात ती संध्याकाळची जायची. उरले सव्वीस लाख. त्यासाठी आम्ही बँकेत गेलो.

परळच्या त्या सरकारी बँकेत माझं पगाराचं खातं वीस वर्षं आहे. शाखाधिकारी भले गृहस्थ होते, ‘बसा सिस्टर’ म्हणाले. मुलीची गुणपत्रिका बघितली, ऑफर लेटर बघितलं, कौतुक केलं. मग त्यांनी सांगितलं की शैक्षणिक कर्जाला चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तिसऱ्या माणसाची हमी चालते, त्यापुढे स्थावर मालमत्ता किंवा ठेवीच हव्यात. काही नामांकित विद्यापीठांची बँकेची यादी असते, तिथे प्रवेश असेल तर तारण माफ होतं. मुलीचं विद्यापीठ त्या यादीत नव्हतं. “घराची कागदपत्रं आणलीत का?”

मी पिशवीतून भाडेपावती काढली. आमची पावती गुलाबी कागदाची असते, दोन बोटं रुंद. महिना एकशे बासष्ट रुपये. खाली मालकाच्या मेहताजींची सही आणि रबरी शिक्का. नाव अजून माझ्या सासऱ्यांचंच आहे. ते २००९ला गेले. नाव बदलायचं तर मालक पैसे मागतो, म्हणून राहून गेलंय. शाखाधिकाऱ्यांनी पावती हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली, उलटून मागची कोरी बाजूही बघितली आणि हळूच टेबलावर माझ्याकडे सरकवली. “ही पावती आहे सिस्टर. मालकी नाही.”

माझं सासर तिथे १९६१पासून राहतंय. सासरे गिरणीत साच्यावर होते. रोख पागडी मोजून त्यांनी ही एकशे साठ फुटांची खोली घेतली, वर पोटमाळा घातला. १९८२च्या संपानंतर आमच्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांनी खोल्या विकल्या. कुणी कोकणात परत गेलं, कुणी डोंबिवलीला, कुणी नालासोपाऱ्याला. माझ्या सासूबाईंनी चार घरच्या पोळ्या लाटल्या, पण खोली सोडली नाही. ‘मुंबईतली जागा आहे, नातवंडांच्या शिक्षणाला उपयोगी पडेल’ असं त्या म्हणायच्या. दलाल आज त्याच खोलीचे पन्नास लाख सांगतो. विकली तर त्यातला तिसरा हिस्सा मालक घेईल. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला कायदेशीर जागा दिलेली आहे. म्हणजे या हक्काला पैशात किंमत आहे, हे कायद्याला मान्य आहे. चाळीच्या दारावर विकासकाचा फलक लागून आठ वर्षं झाली. इमारत उभी राहील तेव्हा आम्हाला मालकीची जागा मिळेल. पण मुलीला ऑफर लेटर २०२४मध्ये आलं होतं.

गावची जमीनही सांगून बघितली. सातबारावर एकोणीस नावं आहेत, त्यातले सात जण हयात नाहीत, तिघांचा पत्ता नाही. शाखाधिकारी म्हणाले, एकट्याच्या नावावर असती तरी शेतजमीन घेता आली नसती. त्यांनी तरी अर्ज वर पाठवला, हे मी विसरणार नाही. जूनच्या अखेरीस नकार आला.

माझी नणंद १९९४मध्ये डोंबिवलीला गेली. मालकीचा वन-रूम किचन घेतला. तिचा मुलगाही २०२४मध्येच शिकायला आयर्लंडला गेला. हुशार आहे, पण गुण माझ्या मुलीपेक्षा कमी होते, हे तिलाही माहीत आहे. तिने ब्लॉक तारण ठेवला आणि तिला सरकारी बँकेतून पावणेदहा टक्क्यांनी कर्ज मिळालं. आम्हालाही तिने ब्लॉक देऊ केला असता, पण तो स्वतःच्या मुलासाठी आधीच अडकला होता. या दोन मुलांत एवढाच फरक होता की एकाची आई वेळेत लालबाग सोडून गेली.

मग मेळाव्यात कार्ड दिलेल्या खासगी वित्तसंस्थेकडे गेलो. तिथलं ऑफिस थंडगार. मुलगा तिशीच्या आतला, अगदी अदबीने बोलणारा. सव्वीस लाख, पावणेतेरा टक्के. प्रोसेसिंग फी एक टक्का अधिक जीएसटी, म्हणजे ३०,६८० रुपये आधीच. कर्जाचा विमा वेगळा. आणि शिक्षण चालू असतानाही दरमहा व्याज भरायचं. सरकारी बँकेत अभ्यासक्रम आणि वर त्यानंतरचं एक वर्ष सवलत असते, इथे हप्ता सहा महिन्यांनी सुरू होतो.

आकडे मी रात्रपाळीत वहीत मांडले. सव्वीस लाखांना पावणेतेरा टक्क्यांनी महिन्याचं नुसतं व्याज २७,६२५ रुपये. पावणेदहाने २१,१२५. दहा वर्षांच्या परतफेडीचा हप्ता आमचा ३८,४०० रुपयांच्या वर, तर नणंदेच्या दराने तेवढ्याच रकमेला ३४,०००. महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास जास्त, दहा वर्षांत सव्वापाच लाखांहून अधिक. शिकत असतानाचा फरक यात धरलेला नाही. हे सव्वापाच लाख ना विद्यापीठाला जातात ना मुलीच्या पोटात. आमच्या घराचा कागद गुलाबी आहे, एवढ्यासाठी ते जातात.

उशिराचेही पैसे गेले. बँकेच्या उत्तराची वाट बघण्यात दोन महिने गेले, खासगी संस्थेचे पैसे मंजूर होऊन हातात यायला सप्टेंबर उजाडला. फीच्या पहिल्या मोठ्या भागाचे १०,२५० पौंड आम्ही भरले तेव्हा पौंड ११२वर गेला होता. मे महिन्याच्या मानाने सात रुपये जास्त, म्हणजे त्या एका भरण्यावर बहात्तर हजारांच्या आसपास. जानेवारीत पौंड पुन्हा १०६वर आला, पण आमचा अर्धा भाग तोवर गेला होता. वर्तमानपत्रात छापून येतो तो दर आणि बँक पैसे पाठवताना लावते तो दर यातही फरक असतो. आम्हाला काउंटरवर उभं राहीपर्यंत ते माहीत नव्हतं. परदेशी पैसे पाठवताना कापला जाणारा टीसीएस हा कर प्राप्तिकराच्या विवरणपत्रात परत मागता येतो, त्याचं मी रडगाणं गात नाही. बँकेच्या कर्जातून पाठवलेल्या पैशांवरचा तो कर १ एप्रिल २०२५पासून काढून टाकला, हे चांगलंच झालं.

पण पैशांपेक्षा मला दुसरं काही सांगायचं आहे, ते सहीबद्दल. ‘तारणाशिवाय’ याचा अर्थ ‘माणूस तारण’ असा असतो. त्यांना को-ॲप्लिकंट, म्हणजे सहकर्जदार हवा होता. यजमानांची पगारस्लिप नाही. माझी आहे, पण मी अठ्ठावन्नला निवृत्त होणार, तेव्हा चार वर्षंच उरली होती. तो अदबीने बोलणारा मुलगा म्हणाला, “मॅडम, फॅमिलीत अजून कोणी पर्मनंट आहे का?”

माझा धाकटा भाऊ रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहे. मी विचारण्याआधीच तो म्हणाला, “ताई, भाचीसाठी सही करायला विचारायचं काय त्यात?” कागद घेऊन मी त्याच्या घरी गेले. चौदा ठिकाणी सह्या होत्या. प्रत्येक पानावर तो चष्मा सावरून आपलं पूर्ण नाव लिहीत होता, घाईची सही करत नव्हता. वहिनीने चहा ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ती काही बोलली नाही. मला तेव्हा वाटलं, तिला कौतुकच वाटत असेल.

गेल्या दिवाळीत वहिनीकडूनच कळलं. भावाने बदलापूरला ब्लॉक बघितला होता. बँकेत गृहकर्जासाठी गेला तर सिबिलच्या, म्हणजे कुणाच्या नावावर किती कर्ज आहे ते दाखवणाऱ्या अहवालात त्याच्या नावावर सव्वीस लाखांचं कर्ज दिसलं. हमीदार म्हणून नव्हे, कर्जदार म्हणूनच. त्याच्या पगारात दोन कर्जं बसत नव्हती, त्याला ज्या रकमेची गरज होती तिच्या निम्मीच मंजूर होत होती. बुकिंगचे पैसे त्याने परत घेतले. हे त्याने मला सांगितलं नव्हतं. भाऊबीजेला ओवाळताना मला त्याच्याकडे बघवेना. हप्ता चुकला नाही, एक दिवस उशीर झाला नाही, तरीही त्याचं घर थांबलं. मुलगी आता म्हणते, मी दोन वर्षांत मामाचं नाव कागदावरून सोडवते. पण परतफेड होईपर्यंत नाव निघत नाही, असं संस्थेने लेखी कळवलंय.

संपादक महोदय, या चार लाख आणि साडेसात लाखांच्या रेघांबद्दल आपल्या पानावर कुणीतरी लिहावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. साडेसात लाखांच्या कर्जाला सरकारची पतहमी आहे, ती योजना २०१५पासून चालू आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. ८६० संस्था, तारण नको, जामीनदार नको, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के हमी. योजना चांगली आहे, पण ती देशातल्या संस्थांपुरती आहे. परदेशी जाणाऱ्या मुलासाठी साडेसात लाखांत माझ्या मुलीच्या फीचा तिसरा हिस्साही भागला नसता. त्यापुढचं दार फक्त मालकीच्या कागदाने उघडतं. आणि या शहरात, विशेषतः गिरगाव, काळाचौकी, लालबाग, परळ या पट्ट्यात, पिढ्यान्‌पिढ्या राहूनही मालकीचा कागद नसलेल्या घरांतून किती मुलं इंजिनीअर झाली आहेत, हे आपल्या वार्ताहरांनी एकदा चाळी फिरून बघावं.

बँक ठेवीदारांचे पैसे देते, तिला आधार हवा, हे मला समजतं. मीही ठेवीदारच आहे. पण आधार फक्त विटांचाच का? आमच्या चाळीसारख्या इमारतींकडून सरकार वर्षानुवर्षं उपकर घेतं, पुनर्विकासाच्या वेळी म्हाडा भाडेकरूंची यादी प्रमाणित करते. मग त्या यादीतल्या नावाला उद्या मिळणारी मालकीची जागा आज हमी म्हणून का धरता येऊ नये? राज्य सरकारने या घरांतल्या मुलांसाठी पंधरा-वीस लाखांपर्यंतची हमी दिली, तर कर्ज सरकारी बँकेतून, सरकारी बँकेच्या दराने मिळेल. फुकट काहीच नको. पैसे आम्ही फेडतोच आहोत, महाग दराने फेडतोय.

ड्यूटी सुटल्यावर मी कधीकधी परळच्या बीआयटी चाळीवरून चालत येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होते. १९१३मध्ये ते कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली म्हणून. लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला १९२०मध्ये ते पुन्हा निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक होती, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेना या मित्राने दिलेलं पाच हजारांचं कर्ज होतं. त्या दोन खोल्या भाड्याच्या होत्या. पैसे देणाऱ्यांनी माणूस बघितला होता. त्यांची आणि माझ्या मुलीची बरोबरी मी करत नाही, करणारही नाही. पण त्या जिन्याखालून जाताना दर वेळी मला वाटतं की आज या चाळीतला एखादा मुलगा तसाच निघाला, तर आपल्याकडे त्याच्यासाठी पावणेतेरा टक्क्यांशिवाय काय आहे?

काही आहे, आणि ते मला उशिरा कळलं, म्हणून इथे लिहिते. जमशेटजी टाटांनी १८९२मध्ये सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डोमेन्ट ही संस्था परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती, म्हणजे नंतर फेडायची मदत देते, तिचं कार्यालय आपल्याच फोर्टात आहे. तिच्या पहिल्या दोन विद्यार्थिनी डॉक्टर होत्या, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. परिचारिका म्हणून एकतीस वर्षं काढली, पण हे नाव मी पहिल्यांदा २०२४च्या मे महिन्यात ऐकलं, तेव्हा त्या वर्षीची मुदत संपली होती. के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन याही मुंबईतल्याच, त्या बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. या सगळ्यांचे अर्ज ऑफर लेटर यायची वाट न बघता आधीपासून डोळ्यात तेल घालून बघावे लागतात. मेळाव्यात यातलं एकही नाव कुणी घेतलं नाही. आपल्या पुरवणीत मेळाव्याच्या जाहिरातीशेजारी दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत एवढी एक चौकट छापलीत, तरी पुष्कळ होईल.

आणखी एक खर्च, जो आम्ही कुठल्याच वहीत धरला नव्हता. शिक्षण संपल्यावर तिथे दोन वर्षं राहून काम करता येतं, तो व्हिसा पुन्हा वेगळा. त्याची फी २०२५मध्ये ८८० पौंड होती आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे दोन वर्षांचे २,०७०. एकूण २,९५० पौंड, एकदम. गेल्या वर्षीच्या दराने जवळजवळ साडेतीन लाख रुपये. शिकायला निघालेल्या मुलाच्या खर्चात हा आकडा पहिल्याच दिवशी लिहायला हवा, कारण त्या दोन वर्षांच्या पगाराच्या भरवशावरच सगळे कर्ज काढतात. १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना ती दोन वर्षंही मिळणार नाहीत, दीडच वर्ष मिळेल. मुलीने ते पैसे भाडं थकवून भरले. मला नंतर सांगितलं.

मला पश्चात्ताप होत नाही. परवा फोनवर ती सांगत होती की एका गावाच्या जलवाहिन्यांमधली गळती रात्रीच्या पाण्याच्या प्रवाहावरून कशी शोधतात, ते काम आता तिच्याकडे आहे. रात्री सगळे झोपलेले असताना पाणी वाहत असेल तर ते कुठेतरी गळतंय, असं साधं तत्त्व. “आई, आपल्याकडे नळ रात्री कोरडाच असतो, तिथे हे कसं करायचं ते मला शोधायचंय,” असं म्हणाली. मी ड्यूटीवर होते, फार बोलता आलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाला गेल्या आठवड्यात ऑफर लेटर आलं. वडील भाजीच्या गाडीवर, आई पाळणाघर चालवते. त्याची आई माझ्याकडे आली ती हातात तसलीच गुलाबी पावती घेऊन. मी तिला सांगितलं, आधी पावतीवर नाव नवऱ्याचं लावून घे, मालकाला काय द्यायचं ते बघू. टाटा एन्डोमेन्टचा अर्ज तिच्या मुलाने काल भरला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी माझी सुट्टी आहे, बँक चालू असते. मी त्या दोघांबरोबर परळच्या शाखेत जाणार आहे. ते शाखाधिकारी आता बदलून गेले असं ऐकते, नवे कोण आहेत ते बघायचं. माझी व्याजाची वही मी सोबत नेतेय.

आपली,
एक परिचारिका,
लालबाग, मुंबई ४०००१२

(भावाच्या घरी त्रास नको म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)